नळी ढिली का ठेवायची

मी माण तालुक्यातला. आमच्याकडं पाणी बघायचं म्हणजे टँकरच्या वाटेकडं डोळे लावायचे. पोहायला शिकलो तो फौजेत, तेही सुभेदार साहेबांनी मागून ढकलल्यावर. अशा माणसाची पोस्टिंग झाली उत्तरेला, बर्फाच्या डोंगराखालच्या एका कॅम्पवर, आणि काम मिळालं नाल्यातून जाणाऱ्या गाड्या चालू ठेवायचं. रँक हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आमचा कॅम्प आणि पुढची पोस्ट यांच्या मध्ये नाला होता, पूल नव्हता. सकाळी पाणी गुडघ्याला. दुपारी ऊन लागून बर्फ वितळलं की कमरेच्या वर. म्हणून ऑर्डर होती, गाडी बाराच्या आत परत.

गाड्या दोन, हलक्या फोर-व्हील-ड्राइव्ह. एकीवर ड्रायव्हर म्हणून नाईक मल्लाप्पा होता, जत तालुक्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचा. माणूस हाडाचा चौकस. पाच मिनिटं रिकामा बसला की पाना घेऊन काहीतरी उघडायचा, आणि उघडलं की मला हाक मारायचा.

दर आठवड्याला मी मागचा डिफरन्शियल उघडायचो. दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा. इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारे गिअर त्यात असतात. आतलं ऑइल मधासारखं दिसायला हवं. आमच्याकडं ते ताकासारखं पांढरं निघायचं. म्हणजे पाणी शिरलेलं. मी ते ओतून टाकायचो, नवं भरायचो, रजिस्टरवर सही करायचो.

"उस्ताद, झाकान घट्ट हाय, सील नवं हाय," मल्लाप्पा म्हणाला. "मग पानी शिरतंय कुठनं?"

"ब्रीदरमधून. वरती बारीक भोक आहे ना, तिथून."

"ते तर गरम हवा भाईर सोडाया हाय. त्यातनं पानी आत कशापाई जाईल?"

बारा वर्षं मी ऑइल बदलत होतो आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. रागही आला थोडा. मेकॅनिक मी आणि विचारतो ड्रायव्हर!

दुसऱ्या दिवशी त्यानं लोणच्याची रिकामी बाटली बुखारीजवळ, म्हणजे बराकीतल्या शेगडीजवळ, धरून गरम केली आणि थाळीतल्या गार पाण्यात उपडी घातली. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. बाटलीत पाणी हळूहळू वर चढलं, चांगलं दोन बोटं.

"तापल्यालं गार झालं की वढून घेतंय बगा. चढ चढून आपला डिफरन्शियल तापतोय. तसाच नाल्यात बुडवला की घेतोय घोट."

मी तो प्रयोग स्वतःच्या हातानं चार वेळा केला. एवढा आनंद मला प्रमोशनच्या दिवशी झाला नव्हता.

इलाज सोपा होता. ब्रीदरच्या जागी एक निपल, म्हणजे बारकी पोकळ तोटी, बसवायचं, त्याला रबरी नळी जोडायची आणि ती चेसिसवरून बॉनेटखाली, इंजिनाच्या बाजूला उंच नेऊन बांधायची. मग गाडी ओढेल ती वरची हवा. एका दुपारी आम्ही दोन्ही गाड्यांना नळ्या बसवल्या. गाडी सपाट जमिनीवर उभी होती. मी नळी ताणून धरली, माप घेतलं आणि चाकू लावला.

"उस्ताद, जरा ढिली ठिवूया का?" मल्लाप्पानं गाडीखालूनच विचारलं.

"परवा इन्स्पेक्शन आहे. लोंबती नळी दिसली की साहेब मलाच विचारतील. फौजेत ढिलं काही नसतं."

"व्हय उस्ताद," म्हणून त्यानं क्लिप आवळल्या. नळी सुतासारखी सरळ दिसत होती. इन्स्पेक्शनला साहेबांनी पाठ थोपटली.

आता माधवनगरला माझं गॅरेज आहे. कृष्णेला पूर येतो म्हणून सांगलीचे लोक जीपला अशा नळ्या बसवून घ्यायला येतात. परवा एक जण वाकून बघत म्हणाला, "आवं हवालदार, नळी लय लोंबतीय की. जरा कापा." मी कापली नाही. त्याला पटत नसेल तर दुसऱ्या गॅरेजला जा म्हणालो. माझं बोलणं त्याला तुसडं वाटलं असेल. कारण सांगतो.

नळ्या बसवल्यावर तीन आठवडे ऑइल मधासारखं निघालं. मग मी दर आठवड्याला उघडणं सोडलं. खात्री झाली होती.

पुढच्या पोस्टवर एका जवानाला श्वास घेता येईना. बाराची वेळ टळून गेली होती, पण त्याला खाली आणणं भाग होतं. साहेबांनी परवानगी दिली. सकाळी वर गेलेला आणि त्याच्यासाठीच थांबलेला मल्लाप्पा त्याला घेऊन दुपारी तेरा-चाळीसला पलीकडच्या काठावर आला. मी अलीकडं पाच जवानांसोबत दोर आणि वायरलेस सेट घेऊन उभा होतो. पाणी बंपरला लागेल एवढं होतं, आणि चढत होतं. तो नेहमीच्या वाटेनं, पांढऱ्या खुणेच्या दगडांवर नजर ठेवून आत शिरला. मी डोळ्यांनी बघितलं.

मधोमध आल्यावर खाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली.

सेटवर हिंदीतच बोलायचा नियम. त्या दिवशी आम्ही दोघंही मराठीत बोललो.

"उस्ताद, मागची चाकं जाम. ओव्हर."

"पुढच्या चाकांवर ओढ. ओव्हर."

"वढतोय. न्हाई हलत. पानी शीटला लागलं. दोर टाका. ओव्हर."

दोर टाकला. त्यानं तो आधी आजारी जवानाच्या कमरेला बांधला. आम्ही सहा जणांनी त्याला ओढून काढलं. तो वाचला. दुसऱ्यांदा दोर टाकला, तो मल्लाप्पाच्या हातात पोचला. गाठ मारायला त्यानं दोन्ही हात मोकळे केले आणि तेवढ्यात गाडी कुशीवर गेली. वेळ चौदा-पाच. दुसऱ्या सकाळी त्याचा देह आम्हाला नाल्यात बराच खाली सापडला.

कॅम्पात बोलणं सुरू झालं की ड्रायव्हरची वाट चुकली, खोलात गेला. ते बोलणं फोनवरून त्याच्या गावापर्यंत पोचलं. दोन दिवसांनी गाडी बाहेर काढली. मी मागचा डिफरन्शियल उघडला. ताक. बेअरिंगचा चुरा. नळी निपलवरून निसटून लोंबत होती. मी गाडी जॅकवर घेतली तेव्हा कळलं. खड्ड्यात चाक लोंबलं की अॅक्सल खाली जातो आणि नळी सोबत ओढतो. ताणून कापलेली नळी पुरणार कशी? कधी निसटली कोण जाणे. तेव्हापासून गाडी प्रत्येक फेरीला पाणी पीत होती.

चौकशीत मी सांगितलं, नळी मी कापली, तपासणी मी सोडली. ड्रायव्हरचा दोष नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ती कमी होती, असं मला आजही वाटतं.

सुट्टी मिळाल्यावर साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो. घराकडची, दहिवडीची गाडी समोर लागली होती. मी सांगलीची धरली आणि तिथून जत.

मल्लाप्पाची बायको शांतव्वा मेंढरांच्या वाड्यापाशी भेटली. म्हातारा सासरा लांब बाभळीखाली बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"त्यांनी इचारलं व्हतं, ढिली ठिवू का म्हनून?"

"व्हय. मी ऐकलं न्हाई."

तिनं वाड्याचं फाटक ओढून लावलं. मग म्हणाली, "किती कमी पडली?"

मी वीत पसरून दाखवली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी वाट बराबर व्हती त्यांची?"

"बराबर व्हती. दगडाला दगड धरून आला."

ती वळली आणि बाभळीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडली, "मामंजी! ऐकलंसा का? ह्यांची वाट चुकली न्हवती!"

म्हातारा काठी टेकत उठला. जवळ यायला त्याला वेळ लागला. माझ्यासमोर येऊन तो खाली बसला, मलाही बसायची खूण केली.

"पयल्यापासनं सांगा," तो म्हणाला. "सावकाश सांगा. मला कमी ऐकू येतंय."

मी मोठ्यानं, पहिल्यापासून सांगायला लागलो. नाईक मल्लाप्पा, ड्रायव्हर, तेरा-चाळीसला पाण्यात उतरला. वाट बरोबर होती.