क्रोशाची सुई, सासूबाई आणि संभाजीनगरचे तीन दिवस

संभाजीनगरला जायचं ठरलं ते वेरूळ बघायला नाही, अजिंठा बघायला तर नाहीच. बागेत बसून क्रोशा विणायला. हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "नाशिकमध्ये बागा नाहीत का?"

आहेत की! पण तिथे आम्हाला सगळे ओळखतात, आणि तीच तर अडचण होती.

माझं लिखाण पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी कुठेही विणत बसते. बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, मुलाच्या पालकसभेत, लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता हातात पडेपर्यंत. लोक आधी टकामका बघतात, मग जवळ येऊन बसतात. हे वेड मला सासूबाईंनी लावलं. आमच्या अर्ध्या गल्लीला क्रोशा त्यांनीच शिकवला. जुन्या घराच्या ओट्यावर बसून, भाजीवाल्याशी घासाघीस करत करत त्या विणायच्या आणि टाका इतका एकसारखा, की उलट कुठली नि सुलट कुठली ते कळू नये. दीड वर्षापूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं पूर्ववत झालं, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सुया-दोरे पेटीत घातले आणि पेटी माळ्यावर टाकायला लावली.

मग एका दुपारी मी धुतलेले कपडे ठेवायला त्यांच्या खोलीत गेले, तर बाई कुठली तरी मागे राहिलेली सुई घेऊन पलंगावर डाव्या हाताने विणत होत्या! मला बघताच सगळं उशीखाली. मी म्हटलं, "आई, अहो किती छान, बाहेर बसा ना." तर म्हणाल्या, "हे असलं वेडंवाकडं चारचौघांत घेऊन बसू? लोक हळहळतील. मला नको कुणाची हळहळ." त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला होता. या बाईने एकदा तरी उघड्यावर, माणसांत बसून सुई हातात घ्यावी. टाका कसा का येईना.

तेवढ्यात रुबीनाचं बोलावणं आलं. रुबीना माझी क्रोशाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची मैत्रीण, उस्मानपुऱ्यात राहते. तिथल्या दहा-बारा जणी दर रविवारी सकाळी घराजवळच्या बागेत चटया टाकून विणायला बसतात. "अम्मा को भी लेके आओ," ती म्हणाली. मी आईंना पटवलं, की तिथे आपल्याला ओळखणारं काळं कुत्रंसुद्धा नाही. त्या तयार झाल्या, पण अट घालून. "मी नुसती बसेन. माझ्या हातात सुई द्यायची नाही." मी मान डोलावली. पोटात मात्र माझे बेत शिजत होते.

शुक्रवारी सकाळी नाशिकच्या स्टँडवरून लाल परी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघी मिळून एका माणसाच्या खर्चात. साडेचार-पाच तास धरून चाला. येवल्यापर्यंत रस्ता बरा, पुढे काही ठिकाणी हाडं खिळखिळी होतात. येवल्याच्या स्टँडवर चहा झाला आणि तिथेच एक बाई गाडीत चढून आमच्या शेजारी बसल्या. मांडीवर बोरांची पिशवी, गप्पांना एकदम तयार. त्यांनी मला न विचारताच माझ्या हातातलं विणकाम ओढून घेतलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि म्हणाल्या, "ब्येस हाय की! कुणी शिकवलं?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी आईंना विचारलं, "आजी, तुमाला येतं का हे?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाही हो. मला नाही येत."

मला धस्स झालं. बाईंनी आम्हाला ओंजळभर बोरं दिली आणि वैजापूरला उतरून गेल्या. पुढच्या सगळ्या रस्त्यात मी जे विणलं त्यात इतक्या चुका झाल्या, की रात्री सगळं उसवलं.

लॉज उस्मानपुऱ्यातच घेतला होता. खोली स्वच्छ, भाडं परवडणारं, गरम पाणी मात्र सकाळी आठपर्यंतच, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांनी विचार करावा. डिसेंबरात इथे सकाळी चांगलाच गारठा असतो आणि दुपारी ऊन चावतं. शाल आणि टोपी दोन्ही लागतात.

शनिवारी सकाळीच बीबी का मकबरा गाठला. सकाळीच जा, नंतर सहलींच्या बस येतात. झाडाच्या सावलीत बसून मी सुई काढली. दोन मिनिटांत सुरक्षारक्षक हजर.

"ताई, इथं विकायला परवानगी नाय हं."

"विकत नाही हो दादा, विणतेय."

"मंग इथं कशाला? घरी बसून करायचं की."

"घरी कोण बघतं?" मी म्हटलं. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही, काय करू.

तो हसला. मग गेलाच नाही, काठीवर रेलून बघत राहिला. "आमची माय गोधड्या शिवती सोयगावला. दारात पसारा मांडून बसती. येणारा-जाणारा दोन शब्द बोलल्याबगर पुढं जात नाय." त्याच्या बोलण्यात आईचा केवढा अभिमान होता! मला तो माणूस एकदम आवडूनच गेला. जाताना त्याने आम्हाला जास्त सावलीची जागा दाखवली, शिवाय एका धांगडधिंगा करणाऱ्या सहलीला आमच्यापासून लांब पिटाळलं.

आईंचं लक्ष आमच्या बोलण्याकडे नव्हतंच. त्या संगमरवरातली जाळी बघत होत्या. "मेधा, हे बघ, ही षटकोनाची जाळी. सहा साखळ्यांचा गोल घालायचा आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन खांब. होईल." ज्यांना क्रोशा येत नाही त्यांच्यासाठी, साखळी म्हणजे एकातून एक ओढलेले फास आणि खांब म्हणजे त्यावर उभा घातलेला टाका. मी बघितलं तर पदराखाली आईंची डाव्या हाताची बोटं हलत होती. मी पटकन म्हटलं, "करून दाखवता?" आणि सगळा घोटाळा झाला. बोटं थांबली. "ठरलं होतं ना आपलं?" असं म्हणून त्या उठल्याच. जिभेला हाड नाही माझ्या!

संध्याकाळी गुलमंडीच्या गर्दीत फिरलो. दोऱ्यांच्या दुकानात आईंनी राणी रंगाचा दोरा निवडला, तोही उजेडात नेऊन, पीळ तपासून. दुकानदार म्हणाला, "आजी जाणकार दिसतात." आई म्हणाल्या, "सून आहे जाणकार." नंतर गरम गरम इमरती खाल्ली. इथे आलात तर इमरती खाल्ल्याशिवाय जाऊ नका, आणि मधुमेह असेल तर अर्धी खा, आईंसारखी. उरलेली अर्धी मी खाल्ली, हे वेगळं सांगायला नको.

रविवारी बागेत पोचलो तर चटया अंथरलेल्या आणि बायका रंगात आलेल्या! तुम्हाला काय सांगू, इतकं देखणं दृश्य मी मकबऱ्यातही पाहिलं नाही. कुणी बुरख्यात, कुणी नऊवारीत, एक जण तर जिमच्या कपड्यांत थेट पळत आलेली. कुणी लोकरीची टोपी विणतेय, कुणी कापडावर काश्मिरी टाका घालतेय. निळ्या साडीतल्या एक निवृत्त शिक्षिका गोधडीला दोरे घालत होत्या आणि गोधडीचं दुसरं टोक बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजोबांच्या गुडघ्यांवर होतं. आजोबा आपले निवांत पेपर वाचत होते. चालायला आलेले लोक थांबत, विचारत, फोटो काढत. सुरुवातीला माळी कुरकुरायचा म्हणे. आता तोच त्यांच्यासाठी कडेची जागा झाडून ठेवतो.

रुबीना उंच, गोरी आणि तोंडाने फटकळ. तिने घरून खिचडी-खट्टा आणला होता. मसुराची पिवळी खिचडी आणि वर चिंचेचा, तिळाचा, कच्च्या कांद्याचा आंबट पातळ खट्टा. तिने आईंना चमच्याने खाताना बघितलं, उजवा हात पदराखाली बघितला आणि काही विचारलं नाही. "अम्मा, और लेओ," एवढंच म्हणाली. या एका गोष्टीसाठी मी तिला जन्मभर मैत्रीण मानीन.

आणि मग पूजा आली. करमाडची मुलगी, शेंद्र्याला एका कंपनीत कामाला. दोन महिन्यांवर लग्न. रुखवतात आपल्या हातचं एक तोरण मांडायचंच म्हणून हट्टाला पेटलेली, आणि त्यासाठी बस पकडून लागोपाठ तिसऱ्या रविवारी आलेली. अडचण एकच. पूजा डावरी.

रुबीना तिच्या शेजारी बसून शिकवायला लागली. पूजाचा प्रत्येक टाका उलटा पडायचा. मग मी सरसावले, कारण मला कुठे गप्प बसता येतं? "तू फक्त माझ्या हाताकडे बघ," मी म्हटलं. तिने बघितलं, आणि दोऱ्याचा असा गुंता झाला की कात्री लागली. जिमवाली म्हणाली, "अगं, उजव्या हाताने धर ना, होईल सवय." पूजाने उजव्या हाताने धरून बघितलं. सुई गवतात पडली.

"लई झालं बाई," पूजा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "लहानपणापासून हेच ऐकत आलेय. लिहिताना, जेवताना, रांगोळी काढताना. नाय जमत मला. रेडिमेड आणते तोरण, कुणाला कळतंय?" तिने दोरा गुंडाळायला घेतला.

"अगं, तिला उजव्या हाताने का छळताय?"

आवाज आईंचा होता. चांगलाच चढलेला, ओट्यावरून भाजीवाल्याला ऐकू जायचा तसा.

"उजव्या हाताने दाखवून कसं समजेल तिला? सरका. सरक गं मेधा." आई धडपडत उठल्या, पूजाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसल्या आणि पदराखालून उजवा हात काढला. चारचौघांत, सगळ्यांसमोर. डाव्या हाताने दोरा उजव्या बोटाला दोनदा गुंडाळला, कारण ते बोट दोरा धरू शकत नाही. उजव्या तळव्याखाली गुडघ्यावर साखळी दाबून धरली, आणि डाव्या हातात सुई घेतली.

पहिला फास सुटला. दुसराही सुटला. मी श्वास रोखून बसले होते आणि नेमकं तेव्हाच मला नाक शिंकरायची वेळ आली. तिसरा फास बसला.

"असं. आत घाल, दोरा ओढ, बाहेर काढ. घाई करू नको, मलाही घाई जमत नाही."

पूजाने सुई घातली. दोरा ओढला. बाहेर काढला. पुन्हा घातली. साखळी लांबत गेली, कुठे सैल, कुठे घट्ट, आईंची आणि तिची एकाच तालात. एक खांब उभा राहिला, मग दुसरा. पूजाने मान वर केली आणि आईंच्या हाताकडे बघून हरखून विचारलं,

"काकू, तुमी पण डावऱ्या व्हय?"

मला वाटलं, आता हात परत पदराखाली जाणार.

"व्हय," आई म्हणाल्या. आमच्या नाशिकच्या आई, 'व्हय' म्हणाल्या! "दीड वर्ष झालं. नवीनच आहे मी पण."

पूजाला काय समजायचं ते समजलं. ती आईंच्या आणखी जवळ सरकली. रुबीनाने डोळे पुसले आणि सगळ्यांवर उगाच ओरडली, "क्या देख रहे सब? अपना-अपना काम करो!" ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या दोघी विणत बसल्या. आईंनी तीन वेळा पूजाला उसवायला लावलं. एकदा पूजाने आईंची चूक दाखवली. आई चक्क चिडल्या, आणि मग दोघी खदाखदा हसल्या. त्या झटक्यानंतर मी आईंना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते.

दुपारच्या बसने परत निघालो. गाडीत आई झोपल्या. मी रडले थोडी, कंडक्टरने विचारलं, "काय झालं मॅडम?" त्याला काय सांगणार! म्हटलं, कचरा गेला डोळ्यात.

आता कुणी विचारेल, एवढा प्रवास करून काय बघून आलात? वेरूळ राहिलं. अजिंठा राहिला. पाणचक्कीसुद्धा राहिली. मला जराही वाईट वाटत नाही. जाणार असाल तर रविवार पकडून जा, हातात काहीतरी काम असू द्या आणि बागेत जाऊन बसा. जागा आपोआप होते.

काल संध्याकाळी आई आमच्या इमारतीच्या गेटजवळ खुर्ची टाकून विणत बसल्या होत्या. पूजाला व्हिडिओ कॉलवर पुढची ओळ दाखवायची म्हणून राणी रंगाचा नमुना करत होत्या. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते, म्हणून सगळं ऐकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू भाजी घेऊन आल्या, थांबल्या, विणकाम हातात घेऊन बघितलं आणि हळहळत म्हणाल्या, "अहो, काय सुबक असायचं तुमचं काम!"

"असायचं," आई म्हणाल्या. "आता हे असं असतं. बसा, तुम्हालाही दाखवते."

आणि जोशीकाकू भाजीची पिशवी खाली ठेवून बसल्या.