रंभाच्या वर्गाला बाई मिळंना

आमच्या खोल्यांत भाडेकरी लई आले अन् गेले, पर इमानात बसून कायदा शिकाय गेलेली एकच. रंभा. तिचीच गोष्ट सांगते. मधी मधी बोलू नका, मंग माजं सुटतं अन् मी भलतीकडंच जाते.

मी सारजाबाई. चाकणच्या अलीकडं आमचा कांदा पिकायचा, तिथं आता स्लॅबच्या धा खोल्या हायेत. मालक वारले. पोरगा सुरज निगडीला प्राधिकरनात फ्लॅट घेऊन ऱ्हातो. फोनवर म्हनतो, "आये, हिकडं चल ऱ्हायला." चल म्हनतो, पर न्यायला काय येत न्हाई. मंग मी हितंच. पान्याची मोटार चालू करायची, बंद करायची, अन् भाडेकरनींच्या अंगावर वरडायचं, येवढाच माजा धंदा. वरडलं म्हंजी कुनाशी चार शब्द तरी बोलनं व्हतं.

रंभा उदगीरकडची. नवऱ्यानं दुसरी केली अन् हिला सोडली, तवा बहिनीच्या वळखीनं हिकडं आली अन् गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत लाइनीवर लागली. "का"ला "कामून" म्हनायची, "माजं"ला "मपलं" म्हनायची. बायका तिला हसायच्या अन् तीबी त्यांच्यात हसायची. शेजारच्या खोलीत वर्षाली नवऱ्यासंगं ऱ्हायची, तीबी रंभाच्याच कंपनीत. दोघींचं लई गूळपीठ. एकीनं कालवन केलं की दुसरीनं भाकरी टाकायची, अन् सकाळी कंपनीच्या बसला दोघी हात धरून पळायच्या. मी वरनं वरडायची, "अगं सांडाल कुठंतरी!" तर मागं बघून हसायच्या.

आता त्यांच्या लाइनीला एक पत्र्याचा बिल्ला व्हता. बाईला मुताय जायचं तर बिल्ला गळ्यात घालून जायचं, अन् ती माघारी येईस्तवर दुसरीनं जागचं हलायचं न्हाई. आख्ख्या लाइनीला बिल्ला एकच. एक दिवस रंभा सायबाला तोंडावर म्हनली, "साहेब, पोटाला काय बिल्ला कळतो व्हय?" समदी लाइन हसली. ही गोष्ट पिंपरीतल्या एका संस्थेच्या मॅडमच्या कानावर गेली. ती संस्था कामगारांना कायदा शिकवायची. मॅडम खोलीवर आल्या, रंभाशी बोलल्या, अन् दोन-तीन म्हयन्यांनी आमची रंभा चालली काठमांडूला. मानवी हक्काचं ट्रेनिंग म्हनं. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, कंबोडिया, कुठनं कुठनं बाया येनार व्हत्या, समद्या कंपन्यांत राबनाऱ्याच.

मी म्हनलं, "मेले, चाकणच्या बाजारात वाट चुकतीस तू, काठमांडूला काय करशील?"

"चुकले तर पोलिसाला इचारीन मावशी. आता कायदा शिकाय चालले, पोलिसाला कामून भेवू?"

माघारी आली तर बाई निराळीच. मला रुद्राक्ष आनला. वर्षालीला गळ्यातलं लाल मनी. अन् बोलायला लागली की थांबायची न्हाई. बांगलादेशातली शिरीन म्हनून एक, ती सदरे शिवती, तिच्या लाइनीला बी बिल्ल्यासारखंच कार्ड. कंबोडियातली चपला शिवती, तिलाबी तेच.

मी म्हनलं, "मंग काय तर! घरोघरी मातीच्या चुली."

रंभा म्हनली, "मावशी, देवाशप्पथ, आमी समद्या तिथं हेच बोललो. आधी हसलो अन् मंग रडलो. मला वाटायचं, हे मपलंच नशीब हाय."

तिथं त्यांना काम नेमून दिलं व्हतं. घरी जायचं अन् आपल्या आळीत बायांचा वर्ग चालवायचा. म्हयन्यातनं एकदा मोबाइलवर समद्या देशांच्या बाया एकमेकींना दिसनार, अन् प्रत्येकीनं आपला वर्ग दावायचा. जिचा वर्ग चालंल तिला फुडच्या ट्रेनिंगला कोलंबोला न्येनार. रंभाला कोलंबोचं काय न्हवतं. तिला त्या बाया पाहिजे व्हत्या. नवऱ्यानं सोडल्यापास्नं पयल्यांदा तिला कुनी तरी आपलं म्हनलं व्हतं.

पयला वर्ग भरला गुरवारी, कंपनीच्या सुट्टीला, आमच्या स्लॅबवर. रंभानं सतरंजी टाकली, चिवडा आनला. मीबी गेले. कायद्यासाठी न्हाई, चिवड्यासाठी गेले. आठ-धा बाया गोल बसल्या. बिल्ल्याचं तिनं असं झकास सांगितलं की बायांनी टाळ्या वाजवल्या. वर्षालीनं तर शिट्टी मारली.

अन् मंग रंभा घरातल्या कायद्यावर आली.

तिकडं त्यास्नी शिकवलं व्हतं, उदाहरन आपल्या जवळचं द्या, म्हंजी बायांना पटतं. फकस्त नाव घेऊ नका. रंभानं नाव घेतलं न्हाई. ती म्हनली, "समजा, एक बाई हाय. सांजच्याला नवरा घरी येतो. दाराला आतनं कडी लावतो. अन् टीव्हीचा आवाज मोठा करतो. कामून करतो? तर तिचा आवाज भाईर जाऊ नये म्हनून."

नाव न घेऊन शहरात मानूस झाकत आसंल. आमच्याकडं खोल्यांच्या मधली भिंत एका इटेची. कुनाच्या कुकरच्या शिट्ट्या किती, कुनाचं पोर कशानं रडतंय, समदं समद्यांना ठाव. सांजच्याला कुठल्या खोलीतला टीव्ही मोठा व्हतो, हे तर आमच्या कुत्र्याला बी ठाव व्हतं. समद्या बायांनी एकदम वर्षालीकडं बघितलं, अन् एकदम मान खाली घातली. रंभाला बोलता बोलता कळलं. मी बघितलं ना तिचं तोंड! पर बानातनं सुटलेला तीर काय माघारी येतोय?

वर्षाली उठली. "माजं दूध गॅसवर हाय," म्हनली, अन् जिना उतरून गेली.

त्या बायांतली एक जन घरी जाऊन नवऱ्याजवळ बोलली, तो वर्षालीच्या नवऱ्याजवळ बोलला. आठवडा व्हायच्या आत त्यानं खोली सोडली. दारात टेम्पो लागला. मी इचारलं, "कुठं चाललात रं?" तर म्हनला, "तुमाला काय करायचंय?" वर्षाली टेम्पोत मागं बसलेली, मांडीवर मिक्सर. रंभा नळाजवळ कळशी घिऊन हुबी, पानी वाहून चाललंय तरी हुबीच. वर्षालीनं तिच्याकडं बघितलं न्हाई. टेम्पो गेला.

मला असा राग आला म्हनता! तिथंच नळावर रंभाला फाडून खाल्ली. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! झाकली मूठ सव्वा लाखाची, ठाव हाय ना तुला? लई शिकून आलीस! कायदा शिकवतीस व्हय गं?"

तिनं समदं ऐकून घेतलं. मंग म्हनली, "मावशी, हितं निदान भिंतीला कान व्हते. आता जिथं नेलीय तिथं कोन ऐकंल?"

मी मोटार बंद करून घरात गेले.

तवापास्नं रंभाला कुनी बोलंना. भांडन न्हाई, शिवी न्हाई. ती नळावर आली की बायांचं बोलनं थांबायचं अन् कळश्या भराभर भरायच्या. बसमधी तिच्या शेजारची जागा रिकामी. कंपनीत जेवायच्या सुट्टीला बाया गोल बसून एकमेकींच्या डब्यातलं खात्यात, कुनाची चटनी, कुनाचं लोनचं. रंभा आली की डब्याला झाकन. एक दिवस तिनं मेथीची भाजी जास्त करून न्हेली, समद्यांना देईन म्हनून. सांजच्याला तसाच भरलेला डबा घिऊन आली अन् माज्या दारात कुत्र्याला घातला. मी म्हनलं, "अगं, मला द्यायची व्हतीस." तर म्हनली, "तुमीबी न्हाई म्हनला असता तर?"

तोंड फटकळ हाय माजं, पर त्या दिवशी घास उतरला न्हाई.

तरी गुरवार चुकवायची न्हाई. स्लॅबवर सतरंजी टाकायची, बसायची. रस्त्यावरचे दिवे लागले की गुंडाळून खाली यायची. मी खालनं वरडायची, "काय गं, सतरंजीला ऊन दावतीस व्हय?" आधी असं बोललं की हसायची. आता नुसती मान हलवायची. मोबाइल लावायची वर्षालीला. बंद. परत लावायची. बंदच.

म्हयन्याच्या त्या मोबाइलच्या भेटीला ती समद्या बायांशी बोलायची, पर वर्ग दावायची येळ आली की "नेट जातंय" म्हनून बंद करायची. असं किती दिस चालनार? मॅडमचा निरोप आला की ह्या खेपेला वर्ग दिसला न्हाई तर तुजं नाव काढावं लागंल. मला हे रंभानंच सांगितलं, आपनहून. "मावशी, त्याबी गेल्या तर मला हाक मारनारं कुनी ऱ्हायचं न्हाई वो." अन् रडली. मी म्हनलं, "मी मारते की हाक. रोज मारते, नळ बंद कर म्हनून." काय बोलायचं ते सुचत न्हाई मला, मंग असलं बोलते.

त्या गुरवारी दुपारी मी नळाचं निमित काढून तिच्या दारात गेले. तिनं मोबाइल डब्याला टेकवून हुबा केला व्हता. त्यात ल्हान ल्हान चौकटी, चौकटीत बाया. ती शिरीन दिसली, तिच्या मागं खच्चून बाया बसलेल्या, पोरं मांडीवर. नेपाळवालीच्या मागं बी बाया. रंभाच्या मागं काय, तर भिंत अन् खुंटीला सतरंजी.

शिरीन हिंदीत वरडली, "रंभा आपा! आपका क्लास किधर है?"

रंभानं तोंड उघडलं. मला पाठमोरी दिसत व्हती ती, पर खांदे असे पडले तिचे. मला काय झालं कुनाला ठाव. पदर सारखा केला, चपला काढल्या अन् सरळ आत जाऊन तिच्या शेजारी बसले. "है ना," म्हनलं. "मैं हाय की."

तिकडं समद्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. रंभा माज्याकडं बघतच ऱ्हायली.

मंग त्यांच्यातल्या मोठ्या मॅडम बोलल्या. त्यांचा एक खेळ असतो, वर्गात नवी बाई आली की तिनं आपल्यावर झालेला अन्याव सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. मॅडम लई गोड बोलल्या. "माताजी, बताइए, आपके साथ क्या हुआ था?"

आता मला वाटलं, सांगू काय बी. लाइटबिलाचं सांगू, पोरगा येत न्हाई ते सांगू. तोंड उघडलं, अन् भलतंच वर आलं. कवाचं खाली दाबून ठिवलेलं. येवढ्या चौकटींतनं येवढ्या बाया माज्याकडं बघत्यात. जलमभर जगावर वरडले मी, पर आवाज फुटंना.

रंभानं माज्याकडं एकदाच बघितलं. अन् मोबाइलवर तळहात ठिवला, बायांना मी दिसू नये म्हनून. म्हनली, "मॅडम, इनका यहाँ नहीं होगा."

"रंभा, यही तो क्लास है. हमको देखना पड़ता है."

"मॅडम, मैंने एक बार सबके सामने बोल दिया था. वो बाई आज किधर है, मेरेको मालूम नहीं."

अन् तिनं मोबाइल बंद केला. म्हयनाभर ज्या बायांची वाट बघायची, त्यास्नी तिनं आपल्या हातानं बंद केलं. माज्यासाठी! जिनं तिला भर नळावर फाडून खाल्ली तिच्यासाठी.

मंग ती उठली. "मावशी, कडी लावू?"

"नगं," मी म्हनलं. "कडी नगं. उघडंच ऱ्हाऊ दे. हिकडं येतंय कोन?"

मंग मी सांगितलं. बाया बाजारातनं माघारी येऊन नळावर गोळा व्हईस्तवर समदं सांगून झालं. रंभा मधी एक शब्द बोलली न्हाई. कुठला कायदा, कुठलं कलम, काय न्हाई. नुसती ऐकत बसली. शेवटाला उठली, मला पानी दिलं, अन् कळशी घिऊन नळावर गेली. नळावर बाया व्हत्याच. त्यांच्यातली एक, रोज तोंड फिरवनारी, मुद्दाम इचारती झाली, "काय गं, म्हातारी येवढा येळ काय करत व्हती तुज्याकडं?" मी दारातनं कान टवकारून.

रंभा म्हनली, "नळावरनं भांडत व्हती."

कोलंबोचं बोलावनं काय आलं न्हाई. शिरीन कवा तरी एकटीच फोन करती, तेवढंच. वर्षालीचा फोन अजून बंद हाय. दर गुरवारी आमी सतरंजीवर बसलो की पयला तिला लावतो, मंग वर्ग. वर्गात मी एकटीच. बाया अजून तिला बोलत न्हाईत, बोलतील तवा बोलतील.

म्या त्या दिवशी काय सांगितलं म्हनता? वा रं वा! तिनं बांगलादेशाला सांगितलं न्हाई, नळावर सांगितलं न्हाई, अन् मी तुमाला सांगू व्हय? पयलं वाक्य तेवढं सांगते. म्या म्हनलं, "रंभे, आमच्या येळंला टीव्ही न्हवता."

फुडचं तिच्यापाशी हाय.