मुक्ताचं उत्तर

टीव्हीवरच्या शब्द-अंकांच्या स्पर्धेत आमच्या वरच्या मजल्यावरची मुक्ता जिंकली. वय वर्षं सोळा. दिलेल्या आकड्यांतून सांगितलेली संख्या जुळवायची असे; घड्याळाची टिकटिक सुरू व्हायची आणि ती पडद्याबाहेर कुठेतरी बघून उत्तर सांगून टाकायची.

"तिकडे उत्तर सांगायला कोणीतरी उभं असणार," मी म्हणालो.

"तुम्हाला सुटलं नाही ना, म्हणून!" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे झोंबतं. पण संशयाला बहुधा अशीच माती लागते. आपल्याला घाम फोडणारी गोष्ट दुसऱ्याला सहज जमली, की आपण तिच्यामागे लपलेला माणूस शोधू लागतो. वर्गातल्या हुशार मुलांनाही मी, पायऱ्या न लिहिता उत्तर कसं आलं, असं दरडावून विचारत असे. त्यातल्या किती जणांना ते खरंच आलेलं होतं, कोण जाणे.

दोन दिवसांनी मुक्ता पेढे घेऊन आली. पेढा तोंडात टाकून मी अगदी सहज विचारल्यासारखं म्हणालो, "पंचवीस, नऊ, सात, चार. दोनशे त्रेपन्न करून दाखव बघू."

"पंचवीस नवे सव्वादोनशे, सात चोक अठ्ठावीस. झाले की!" ती हसली. "काका, अशी परीक्षा घेणारे तुम्ही पाचवे."

मी ओशाळलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पहिलं कोण?"

"बाबा," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण नीट लावत बसली.