मिसरीचं बोट

आमच्या गल्लीत अजून एक म्हातारी सकाळी मिसरी भाजते. तव्यावर तंबाखू जळून काळी होऊ लागली की तो कडू, घशात बसणारा वास खिडकीतून आत येतो. माझी सून खिडकी लावून घेते. पण वासाबरोबर ताडकळसची एक ओसरी आत आलेली असते. ती दिवसभर घरातून जात नाही.

तेव्हा मी परभणीत राहून विम्याचं काम करायचो. दवाखान्याच्या खर्चाचा विमा नवा निघाला होता. ताडकळसच्या बाजारी एका कापड दुकानदाराकडे माझी बैठक असे. लिंगायत घर, शिस्तीचं. नवरा-बायको दोघांचा विमा घ्यायचं त्याने कबूल केलं. फॉर्म इंग्रजीत, म्हणून तो मी वाचायचा, मीच भरायचा आणि गिऱ्हाइकाने फक्त सही करायची, अशी आमच्या धंद्यातली रीत होती.

दुकानामागच्या ओसरीवर मी विचारलं, "वैनी, तंबाखूचं व्यसन?"

ती कडेला बसून दात घासत होती. हसायलाच लागली. "अगं बया! भाऊजी काय इचारायलेत बगा. बाईमाणूस तंबाखू खाईल व्हय? तुमच्या खिशातल्या तंबाखूच्या चंचीचं लिवा की आदी."

नवरा म्हणाला, "आमच्यात सुपारीबी चालत न्हाई. लिवा, न्हाई म्हणून."

तिने चूळ भरली. अंगठ्याजवळचं बोट काळं झालं होतं, ते पदराला लागू नये म्हणून तिने बाजूला धरलं होतं. मी ते पाहिलं.

मिसरीला आमच्याकडे कुणी तंबाखू म्हणत नसे. तिची आई लावायची, सासू लावायची. मिसरी म्हणजे दात घासणं. पण मला कंपनीने शिकवलं होतं की मिसरी ही तंबाखूच. ती लिहायची, मग हप्ता वाढतो. हप्ता वाढला की दुकानदार म्हणणार, पुढच्या बाजारी बघू. असे पुढचे बाजार मी पुष्कळ पाहिले होते. मी "नाही" लिहिलं. तिने त्याच बोटाला पाणी लावून पुसलं आणि सही केली.

काही वर्षांनी तिच्या गालात आतून जखम झाली, ती भरेना. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, मिसरी लावता का? "व्हय, ल्हानपणापासून," ती म्हणाली. त्याने ते लिहिलं. ऑपरेशनचा खर्च मागितला तेव्हा कंपनीने तोच कागद पुढे केला. व्यसन लपवलं, खर्च मिळणार नाही.

परभणीत एक निवृत्त गुरुजी ग्राहकांची भांडणं फुकट लढायचे. त्यांनी तिची तक्रार ग्राहक मंचात नेली. मग माझ्या घरी आले. "जिला लपवायचंय ती डॉक्टरला कशाला सांगेल? तुम्ही फक्त जे झालं ते सांगा," म्हणाले. मी हो म्हटलं. एजन्सी जाईल ही भीती तेव्हाच पोटात बसली होती.

पहिल्या तारखेला ती बोलू शकत होती. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी निघाल्या नाहीत, तारीख पुढे गेली. तोवर आजार उलटला आणि तिची जीभ काढावी लागली. त्या बंदला मी वर्षानुवर्षं दोष दिला. तेही सोयीचंच होतं.

पुढच्या तारखेला ती पदराने तोंड झाकून बसली होती. गुरुजींनी मला विचारलं, "मिसरीबद्दल विचारलं होतं का?"

"फॉर्मवर तसा प्रश्न नव्हता."

"तिचं बोट पाहिलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

तेव्हा तिने हात वर केला. ते एक बोट. अध्यक्षांना वाटलं, ती बोलायची परवानगी मागते आहे. "बाई, काही सांगायचंय?"

"तिला बोलता येत न्हाई साहेब," नवरा म्हणाला.

बोट स्वच्छ होतं, फक्त नखाच्या कडेला काळी रेघ राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या पंख्याकडे बघितलं.

समोर आलं त्यावरून मंचाने निकाल दिला. तो तिच्या विरुद्ध गेला. एसटी स्टँडवर नवरा तिला म्हणत होता, "तवाच खरं बोलली असतीस तर? चार लोकांत खोटी ठरलीस, मलाबी पाडलंस." तिने त्यालाही ते बोट दाखवलं. त्याला कळलं नाही. मला कळलं होतं, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

त्या वर्षातच ती गेली. नंतर नवराही गेला. त्यांची मुलगी आता बोरीला असते. परवा मी तिला फोन केला, तुमच्या आईच्या विम्याबद्दल मी काही लिहिलंय, ते वाचून दाखवायचंय, म्हटलं.

"या की," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर काका, आई खोटं बोलली व्हती, ते आमाला ठावं हाय. आमी कवाच सोडून दिलंय."

मी म्हणालो, उद्याच्या पहिल्या गाडीने येतो.