ढाल न जिंकलेला बँड

कापगते सर गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. गावातून लाखनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका बाईच्या ब्लाउजची फिटिंग बघत होते, तर शेजारचा चहावाला दारात येऊन उभा राहिला. "ताई, कापगते गुरुजी गेले ना व. सकाळीच. चहा पिता पिता, बसल्या जागी..." टाचण्या तळहातावर काढून ठेवल्या आणि खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. माणसानं असं जावं का? चार महिन्यांपासून मी ठरवत होते, सरांकडे जायचं, माफी मागायची. आज जाऊ, उद्या जाऊ, भाताची रोवणी आटोपली की जाऊ. मोठी आली रोवणीवाली! त्यांची माझी काही बोलाचाली बंद नव्हती. ते रोज सायकलवरून जाताना विचारायचे, "काय वंदे, जेवली का?" आणि मीच मशीनवरची मान वर करत नव्हते.

सर आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायचे. पण गावानं त्यांना ओळखलं ते बँडसाठी. तरुणपणी दिवाळीनंतरच्या नाटकांमध्ये त्यांनी तबला वाजवला होता, तेवढीच काय ती त्यांची पदवी. शाळेत एक मोठा ढोल, चार साइड ड्रम, थोडे बिगुल, झांजा आणि एक लोखंडी त्रिकोण होता. तो त्रिकोण वाजवायला सगळ्यात लहान पोराला मिळायचा आणि ते पोर दिवसभर राजासारखं फिरायचं. पहिला महिनाभर मात्र सर कोणाला वाद्याला हात लावू देत नसत. व्हरांड्यात लाकडी फळी मांडायची, हातात दोन काड्या आणि तोंडानं म्हणायचं, "वरण-भात, वरण-भात, लाखोरीची दाळ." तेच वाजवायचं. बिगुलवाल्यांनी भिंतीला कागदाचा कपटा लावायचा आणि नुसत्या फुंकरीनं तो धरून ठेवायचा. कपटा पडला की सर वाकून उचलून पुन्हा हातात देत. एवढ्या उंच माणसाला एका तासात वीस-वीस वेळा वाकायला लावायची आम्हालाच लाज वाटायची, मग श्वास आपोआप लांबायचा.

मी पाचवीत होते तेव्हा वर्गात तोंड उघडत नव्हते. हजेरीला 'हजर' म्हणायचं तर शेजारची मैत्रीण म्हणायची. आईला वाटायचं पोरगी मुकी निघते की काय. सरांनी मला बिगुल दिला. म्हणाले, "बोलू नको बा. नुसती फुंक." पहिला सूर निघाला तेव्हा तो सूर नव्हताच, म्हैस हंबरल्यागत काहीतरी होतं, पण अख्खी शाळा वळून बघायला लागली आणि मी पळून गेले नाही. आमच्या बाबांना हे पसंत नव्हतं. एक तर पोरीच्या जातीनं गाल फुगवून वाजवायचं, आणि वर पंधरा ऑगस्टचा सराव नेमका रोवणीच्या दिवसांत. बाबा म्हणाले, "गुरुजी, मले धानाच्या बांधीत माणसं कमी पडून राहिली. पोरगी नाही येत." सर म्हणाले, "तिच्या वाट्याचं मी रोवतो. तुम्ही तिले तासभर सोडा." आणि खरोखर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले! मी शेताच्या बांधावर, पाळीवर उभी राहून बिगुल फुंकतेय, सर खाली वाकून भाताची रोपं, पऱ्हे लावताहेत आणि खालूनच ओरडताहेत, "श्वास तोडू नको!" संध्याकाळी बाबांनी त्यांच्या ओळी पाहिल्या. साप गेल्यासारख्या वाकड्या. सगळ्या उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. बाबा हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बँडच शिकवा. पोरगी घेऊन जा, पण बांधीत नका उतरू." त्यानंतर मला कधी कोणी अडवलं नाही.

सातवीत मी बँडच्या पुढे काठी घेऊन चालायला लागले. काठी वर गेली की वाजवायचं थांबायचं, खाली आली की सुरू. त्या वर्षी आम्ही साकोलीला बँडच्या स्पर्धेला गेलो, पहिल्या नंबराला ढाल होती. आणि आता ते सांगते, जे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आमच्या गावात प्रभातफेरी एखाद्या मयताच्या घरासमोरून गेली तर बँड वाजत नसे. सरांचा नियमच होता, दार ओलांडेपर्यंत नुसते पाय वाजतील. साकोलीला भर रस्त्यातून बँड चालले होते, पुढे मंडपात परीक्षक बसले होते आणि मंडपाच्या समोरच्याच घरापुढे माणसं तिरडी बांधत होती. आधीचे सगळे बँड दणदणत निघून गेले. स्पर्धाच ती, कोण कशाला थांबतो? पण माझा हात वर गेला. विचार करायलाही वेळ नव्हता, हातच गेला. मागं बावीस पोरं एका क्षणात चूप. परीक्षकांसमोरून आम्ही नुसते पाय आपटत गेलो... घर मागं पडल्यावर काठी खाली आणली तर मंडपही मागं पडला होता.

शेवटचा नंबर आला. परीक्षकांना वाटलं पोरं घाबरून वाजवायचं विसरली. परतीच्या टेम्पोत मी हमसून हमसून रडले. सरांनी बसस्टँडवरून घेतलेला भज्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. "रडून काहून राहिली? वाजवाले तं सारेच वाजवतात. बावीस पोरं एका काठीवर चूप होतात, हे कोणाले जमलं सांग बरं?" दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी चौकशी केली, तर सरांनी सांगून टाकलं, "मीच शिकवाले कमी पडलो." माझं नाव घेतलं नाही, मयताच्या घराचा विषय काढला नाही. ढाल गेली ती गेली, आणि पुढे स्पर्धाच बंद पडल्या.

बँडनं काय दिलं म्हणाल, तर काय काय सांगू. आमच्यातला एक आता नाटकमंडळीत ऑर्गन वाजवतो, दिवाळीनंतर त्याला जेवायला फुरसत नसते. एकजण ट्रॅक्टर चालवतो आणि स्टिअरिंगवर अजून वरण-भात वाजवतो, त्याच्या बायकोचं डोकं उठतं. आणि मी. सासू दवाखान्यात होती तेव्हा घाईत निघालेल्या डॉक्टरांना अडवून "मला समजेल असं सांगा" म्हणणारी मी, हजेरीलाही तोंड न उघडणारी. हे बळ कुठून आलं ते मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही मी ते केलं...

सर निवृत्त झाल्यावरही रोज बँडच्या तासाला शाळेत यायचे. गेल्या फेब्रुवारीत पालकांच्या समितीची बैठक झाली. तो तास काढून शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्गाला द्यायचा, असा विषय होता. माझी आर्या तेव्हा चौथीत, मी समितीत. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, राग नका मानू, पण तुमच्या बँडनं आजपर्यंत एक तरी ढाल आणली का?" सर माझ्याकडे वळले. "वंदे, तू सांग. तुले काय भेटलं बँडातून?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ढाल कोणामुळे गेली हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. आणि मी म्हटलं, "सर, आता जमाना बदलला आहे." लेकीचे मार्क दिसत होते ना मला! सर थोडं हसले. खिशातून बँडच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, "बरं" म्हणाले आणि निघाले. मी खिडकीतून त्यांना सायकलवर बसताना पाहिलं, पण उठले नाही. जीभ झडली असती का माझी चार शब्द बोलले असते तर?

सरांची तेरवी झाली आणि चारच दिवसांनी पुन्हा बैठक लागली. बँडच्या खोलीत तांदळाची पोती ठेवायची, असा विषय. या वेळी मी उभी राहिले. साकोलीची सगळी गोष्ट सांगितली, काठीची, तिरडीची, भज्यांची. म्हटलं, "ढाल माझ्या हातानं गेली आणि गुरुजींनी बोल स्वतःवर घेतला. फेब्रुवारीत मी तोंड शिवून बसले, कारण मला माझ्याच पोरीचं पडलं होतं." बोलता बोलता रडले, पण थांबले नाही. अध्यक्ष डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "वहिनी, हे पहिलेच सांगाचं होतं व. पोती दुसरीकडे ठेवू. परीक्षेच्या वर्गाले हात नाही लावत, बँड शाळेच्या आधी घ्या. पण शिकवते कोण? गुरुजी तं गेले." मी किल्ली तेवढी मागून घेतली.

खोली धुळीनं भरलेली असेल असं वाटलं होतं. तर ढोलांवर धुतलेली चादर, दोऱ्या सैल केलेल्या, म्हणजे ढोलाचं चामडं ताणून फाटू नये. प्रत्येक बिगुलाच्या तोंडात चिंधीचा बोळा, कुंभारीण माशीनं आत घर करू नये म्हणून. शिपाई म्हणाला, "गुरुजी दर रविवारी येत होते ना. मीच खोलून देत होतो. कोणाले सांगू नको म्हणे." कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेल्या याद्या होत्या, दर वर्षीची एक, एकीखाली एक. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी सर पुढच्या वर्षीचा बँड तिथं लिहून ठेवत असावेत. या वर्षीचीही यादी होती. वर तारीख एप्रिलची, म्हणजे बैठकीत किल्ली देऊन झाल्यानंतर लिहिलेली. ढोल, झांजा, त्रिकोण, समोर एकेका पोराचं नाव. बिगुलासमोर माझी आर्या. वरच्या सगळ्या याद्यांच्या शेवटी 'शिकवणार' असं लिहून सरांनी आपलं नाव घातलेलं होतं. मी खाली वाकून या वर्षीची शेवटची ओळ वाचली. 'शिकवणार : वंदना. दुकान दहाला उघडते, तोवर मोकळी असते.'