तात्यांची बिडी

सहलीला निघायच्या आधी तात्या आमचा वास घ्यायचे. इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी रविवारी सकाळी सहा वाजता चार कुटुंबं गाड्यांत डबे आणि पाण्याच्या बाटल्या भरत असायची, आणि सत्तरीचे तात्या नाक फुलवून एकेकाला हुंगत फिरायचे. आधी मुलांचे केस, मग आम्ही बायका, शेवटी पुरुष. वासाची पावडर चालायची नाही, गजरा चालायचा नाही, सुगंधी तेल तर मुळीच नाही. तळमजल्यावरचे बँकवाले काका एकदा बगलेत फवारा मारून आले, तर तात्यांनी त्यांना परत आंघोळीला पाठवलं आणि तोवर तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या. कुत्रं बरं, ते एकदाच हुंगून सोडून देतं, असं काका पुढे महिनाभर सांगत होते.

तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या सुनंदाताईंचे वडील. पेठ तालुक्यातल्या डोंगरात जंगलखात्याच्या नोकरीत त्यांची उभी हयात गेली. बायको वारली तेव्हा ते लेकीकडे राहायला आले आणि बायकोच्या फोटोसमोर लेकीला शब्द देऊन त्यांनी बिडी सोडली. जंगलात राहिलेला माणूस म्हणजे बिबट्याच्या गोष्टी सांगणार, या आशेने मुलं त्यांच्याभोवती जमायची. पण तात्यांच्या गोष्टींत शौर्य औषधालाही नव्हतं. कुठे दगड सुटला आणि आपण कसे पळालो, कुठे धुकं उतरलं आणि आपण एका जागी बसून कसं रामनाम घेतलं, अशाच सगळ्या. 'डोंगराला भ्यावं,' ते म्हणायचे. 'भिणारा माणूस सांजच्याला घरी येतो.'

त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना भित्रे तात्या म्हणत. मीही म्हणायचे, आणि मला तो अधिकार अजिबात नव्हता. मी लिफ्टला घाबरते, पालीला घाबरते, मुलीला शिंक आली तरी मी थर्मामीटर काढते. खरं तर म्हणूनच मला ते इतके आवडायचे. बाकीचे लोक मला घाबरू नकोस म्हणून सांगत. तात्या नेमकं कशाला घाबरायचं ते सांगायचे.

एप्रिलच्या उन्हातही त्यांच्या खांद्यावर काळी घोंगडी असायची. डोंगराच्या पायथ्याशी पोचलो की पहिला अर्धा तास मुलांची तालीम. तात्यांनी टाळी वाजवली की सगळ्यांनी पालथं पडायचं, तोंड मातीत, हात मानेवर, आणि हूं की चूं करायचं नाही. मग ते मुलांवर घोंगडी टाकायचे आणि हलणाऱ्याला बाद करायचे. मुलांना हा खेळच वाटायचा. कपडे धुणाऱ्या आयांना तो फारसा आवडत नसे.

आमचा ठरलेला डोंगर घोटीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत होता. तासाभराच्या चढणीवर एक लहानशी गुहा आणि आत शेंदूर फासलेली देवी. गुहेच्या वर सरळसोट कडा, आणि त्या कड्याला आग्या माशांची मोहोळं लटकलेली, दाराच्या फळीएवढी काळी. पहिल्यांदा मी ती ओल समजले होते. तात्यांनी माझी मान धरून वर केली आणि म्हणाले, नीट बघ, ती हलतीया. त्यांचा सगळा वास घेण्याचा खटाटोप त्या माशांसाठी होता. देवीपुढे बोलायचं तेही हळू. नारळ फोडायचा नाही आणि उदबत्ती लावायची नाही.

पाच वर्षांपूर्वी जानेवारीत माझी मुक्ता आजारी पडली. सहा वर्षांची पोर आठ दिवस दवाखान्यात होती आणि त्यातले दोन दिवस डॉक्टर माझ्या डोळ्यांत बघून बोलत नव्हते. तेव्हा मी त्या देवीला नवस बोलले, की पोर घरी येऊ दे, तुझ्यापुढे धूप लावीन. मुक्ता घरी आली. मार्चमध्ये आमची सहल ठरली, तेव्हा मी तात्यांना नवसाचं सांगितलं. ते म्हणाले, 'पोरी, फूल वाह. देवीला समजतंय. माशीला नाय समजत.'

मी मान डोलावली आणि धुपाची पुडी चार पिशव्यांत गुंडाळून पर्समध्ये ठेवली. त्या सकाळी फाटकाशी माझा नंबर आला तेव्हा मी पर्स पाठीमागे धरली. त्यांच्या नाकाला काही लागलं नाही. मला त्या माशांची भीती वाटत नव्हती असं नाही. नवस राहिला तर मुक्ताला पुन्हा ताप येईल, ही भीती तिच्याहून मोठी होती.

वर पोचल्यावर तात्या सगळ्यांना घेऊन पलीकडच्या टाक्यावर पाणी भरायला गेले. मुक्ता दमली होती, म्हणून आम्ही दोघी गुहेत थांबलो. मी तिला बाहेर दगडावर बसवलं, पाठ करून बस म्हटलं आणि धूप पेटवला. वारा पडलेला होता. धूर गुहेतून बाहेर आला आणि सरळ कड्याला धरून वर गेला. मी हात जोडले. मनात म्हटलं, फिटलं बाई एकदाचं.

आधी मला वाटलं खाली रस्त्यावरून ट्रक चाललाय. मग तो आवाज वरून येतोय हे कळलं. मुक्ताच्या फ्रॉकवरचं ऊन एकदम काळवंडलं. जी तालीम मी वीसदा पाहिली होती, तिच्यातलं एक अक्षर आठवेना. मी नुसती उभी होते.

तात्या टाक्याकडून धावत आले. इतरांना तिथेच पालथं पाडून आले होते. त्यांनी घोंगडी मुक्तावर टाकली, स्वतः तिच्यावर आडवे झाले आणि मला म्हणाले, 'पड.' मी पडले. ओढणीत तोंड खुपसून मी ऐकत होते. माशांच्या त्या घोंगावण्यात तात्या घोंगडीखालच्या मुक्ताशी अगदी सावकाश बोलत होते. हलू नको बाळा, मी हाय, आता जातील. त्यांच्या उघड्या मानेवर आणि हातांवर काय चाललं असेल ते माझ्या ध्यानात येत होतं आणि मला मान वर करायचं धाडस होत नव्हतं. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही.

आवाज विरला तेव्हा ते उठले. चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा बंद झालेला. तसेच ते गुहेत गेले, धुपाचा जळका तुकडा पायाखाली चिरडला आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्यात बाकीचे धावत आले. बँकवाल्या काकांनी विचारलं, कशामुळे उठलं हे?

'माझी चूक,' तात्या म्हणाले. 'आडोशाला जाऊन बिडी पेटवली.'

मी मुक्ताला जवळ घेतलं. सासूबाई, नवरा, सगळी इमारत, आणि पोटच्या पोरीला मारायला निघालेली आई, एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मुक्ताला तीनच डंख होते. तात्या चार दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी मी एकटी असताना त्यांना म्हटलं, मी सगळ्यांना सांगते. ते म्हणाले, 'सांग की, मेघना. तुला जमंल तेव्हा सांग. मी नाय सांगायचो.'

मला जमलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करताना इमारतीच्या ग्रुपवर लोकांनी लिहिलं, की नियम करणारेच असे वागले तर मुलं कोणाच्या भरवशावर पाठवायची? सहली बंद झाल्या. जिन्यात भेटले की तात्या मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि माझ्याकडे पाहून नेहमीसारखे हसायचे. त्यांचं ते हसणं मला त्या माशांपेक्षा भयंकर वाटायचं. वर्षभराने ते गावी राहायला गेले.

यंदा दिवाळीनंतर ते तिकडेच वारले. दहाव्याला सुनंदाताईंच्या घरी सगळे बसलो होतो. बँकवाले काका हळहळत म्हणाले, माणूस सोन्याचा होता, पण एका बिडीने घात केला. सुनंदाताई खाली मान घालून बसल्या होत्या. मीही खाली मान घातली.

घरी येऊन दार लावलं तशी मुक्ता म्हणाली, 'आई, बिडी नव्हती ना.' ती आता अकरा वर्षांची आहे.

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

'कोणी नाही. तू पाठ करून बस म्हणालीस, पण मी बघत होते. दवाखान्यात मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, आई लय घाबरलीय, तिला विचारू नको, ती आपणहून सांगंल.' मग म्हणाली, 'मी केव्हाची वाट बघतेय.'

पाच वर्षं मी जिच्यापासून लपले होते, ती माझं गुपित सांभाळत माझ्यासमोर जेवत होती, अभ्यास करत होती. मी दार उघडलं आणि शेजारी गेले. लोक पांगले होते. सुनंदाताई सतरंजी गोळा करत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, धूप, नवस, तात्या काय बोलले ते. त्या चिडतील, मला हाकलतील, याची मी तयारी केली होती.

त्या सतरंजीवर तशाच खाली बसल्या. म्हणाल्या, 'आईच्या फोटोसमोर दिलेला शब्द मोडला म्हणून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. एक दिवस म्हणाले, सुनंदा, गावी जाऊ का? मी म्हटलं, जा. राहा म्हटलं नाही, मेघना. एकदासुद्धा म्हटलं नाही.'