मंदाचं वर्तुळ

परवा वर्गात एक मुलगी कुटुंबाचा तक्ता काढताना चुकली आणि खोडरबर घासू लागली. त्या वासासरशी मी पोशीर गावातल्या एका घराच्या ओटीवर जाऊन बसले.

तेव्हा माझं संशोधन चालू होतं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, असा त्या घराचा तक्ता मी पेन्सिलीने काढत होते. नवऱ्याने टाकलेली, माहेरी राहणारी मंदा भाकऱ्या सोडून बाहेर आली.

"ताई, मी पन याच घरची हाय. मला पन काढा."

मी भावाच्या चौकोनाशेजारी वर्तुळ काढलं. त्यावर पिठाचं बोट ठेवून ती हसली, "ही मी?"

गावात जमिनी विकल्या जात होत्या. ओटीवरच बसलेल्या तिच्या भावाला तो तलाठ्याचा वारसांचा कागद वाटला. "वाटा मागतेस काय गं?" म्हणत त्याने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"खोडा ते, मॅडम," तो मला म्हणाला.

मंदा हात पोटाशी धरून माझ्याकडे बघत होती.

पुढे कुटुंब आणि ओळख याच विषयावर मी नाव कमावलं. त्या दिवशी मात्र मी खोडलं, आणि कागदावरचा चुरा फुंकर मारून उडवलासुद्धा.